रिपोर्टमध्ये ‘सेन्सिटिव्ह’, मग म्हैस बरी का होत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जोगेश्वरीचा तबेला, २२ म्हशी. त्यातल्या पाचजणींना तीन-चार महिन्यांत फिरून फिरून दगडी, म्हणजे कासदाह, होतेय. एकीच्या दुधाचा रिपोर्ट काढला, त्यात स्टॅफिलोकोकस ऑरियस (थोडक्यात स्टॅफ) हा जंतू निघाला. पेनिसिलिन, अँपिसिलिन, टेट्रासायक्लिन यांच्यासमोर ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट, औषधाला दाद न देणारा. जेंटामायसिन, एनरोफ्लोक्सासिन, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन यांच्यासमोर ‘एस’, म्हणजे सेन्सिटिव्ह. जेंटामायसिनची इंजेक्शनं तीन दिवस दिली, दूध साफ झालं आणि पंधराव्या दिवशी दुधात परत गाठी. आता एकजण म्हणतो सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन द्या, दुसरा म्हणतो जंतूंना तपकिरी डिपची, म्हणजे सड बुडवायच्या जंतुनाशकाची, सवय झालीय, ती बदला. आणि शेवटी अडखळत विचारलेला प्रश्न: दूध गिऱ्हाइकाकडे जातंय, त्याचं काय?

‘औषध लागू पडत नाही’ हे तबेल्यात रोज ऐकू येणारं वाक्य. पण त्यात दोन निराळ्या गोष्टी एकाच दाव्याला बांधलेल्या असतात. कधी जंतू औषधाला पुरून उरतो. कधी औषध जंतूपर्यंत पोचतच नाही, आणि तिथे जंतूचा काही पराक्रम नसतो, आपला नेम चुकलेला असतो. तुमच्या रिपोर्टवरून पाहिलं तर पेनिसिलिन आणि टेट्रासायक्लिनच्या बाबतीत पहिली गोष्ट झाली आहे, जेंटामायसिनच्या बाबतीत बहुधा दुसरी. डिपबद्दल मला वेगळाच संशय आहे. जंतू होते तसेच आहेत, डिप पातळ झाली आहे.

काय करायचं ते ज्यांच्यावर ठरतं, अशा काही गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत. म्हैस कितव्या वेताची, कोणता सड, एकच की दोन-तीन, कास दाबल्यावर आत घट्ट गोळा लागतो का, हे पहिल्यांदा कधी झालं होतं. पहिल्या-दुसऱ्या वेताची म्हैस, एकच सड आणि ताजं दुखणं असेल तर बरं होण्याची आशा चांगली. पाचव्या वेताची, मागचे दोन्ही सड आणि आत लिंबाएवढी गाठ असेल तर जगातलं कुठलंही ‘एस’ औषध तुम्हाला फसवणार. रिपोर्ट दोघींचा अगदी सारखा येऊ शकतो.

आधी तो रिपोर्टच नीट वाचू. पेनिसिलिन आणि अँपिसिलिन ‘आर’ येण्यात नवल नाही. स्टॅफ ऑरियस बीटा-लॅक्टमेज नावाचं एन्झाइम तयार करतो आणि ते पेनिसिलिनच्या रेणूतली मुख्य कडीच फोडतं. याचा जनुक ब्लाझेड. तो बहुधा प्लास्मिडवर, म्हणजे जंतूंमध्ये हातोहात फिरणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर असतो. पण हे एन्झाइम क्लॉक्सासिलिनला सहसा फोडू शकत नाही. अमोक्सिसिलिनसोबत क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल असेल तर ते एन्झाइमलाच अडवतं. पहिल्या पिढीची सेफॅलोस्पोरिन्सही टिकतात. म्हणजे ‘पेनिसिलिन आर’ पाहून सगळं कुळ बाद करायची आणि थेट तिसऱ्या पिढीच्या सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनवर उडी मारायची गरज नसते.

मात्र असं ठरवण्याआधी एका औषधाची चकती (लॅब जंतूंच्या थाळीवर ठेवते ती) बघायलाच हवी, आणि नेमकी तीच तुमच्या रिपोर्टमध्ये नाही: सेफॉक्सिटिन. ३० मायक्रोग्रॅमच्या सेफॉक्सिटिन चकतीभोवतीचं वर्तुळ २१ मिलिमीटर किंवा त्याहून लहान आलं, तर तो स्टॅफ ऑरियस एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला प्रतिकार करणारा, धरतात. त्याच्याकडे मेक-ए नावाचा जनुक असतो. पेनिसिलिन जिथे जाऊन चिकटतं ते प्रथिनच तो बदलून टाकतो, त्यामुळे एन्झाइम अडवूनही काही साधत नाही. अशा जंतूच्या रिपोर्टवर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसमोर ‘एस’ छापून आलं तरी तो ‘आर’च समजायचा. २०११ मध्ये ब्रिटनमध्ये गाईंच्या दुधातल्या एमआरएसएमध्ये मेक-सी हा निराळा जनुक सापडला. फक्त मेक-ए शोधणाऱ्या तपासणीतून तो निसटत होता. सेफॉक्सिटिनची चकती सहसा त्यालाही पकडते. म्हणून लॅबला पहिलं सांगायचं ते हेच, की सेफॉक्सिटिन लावा आणि नुसतं ‘एस-आर’ नको, वर्तुळाचे मिलिमीटरही लिहा.

आता ‘एस’ म्हणजे नेमकं काय. लॅबमध्ये जंतूंचं ठरावीक गढूळपणाचं द्रावण म्युलर-हिंटन अगारच्या थाळीवर पसरतात, वर औषधाच्या चकत्या ठेवतात, ३५ अंशांना १६ ते १८ तास ठेवतात आणि चकतीभोवती किती जागेत जंतू वाढले नाहीत ते मोजतात. थाळीवर ना दूध असतं, ना पू, ना गाठ. शिवाय किती मिलिमीटरला ‘एस’ म्हणायचं याच्या बऱ्याचशा मर्यादा माणसाच्या रक्तात ते औषध किती पातळी गाठतं यावरून ठरलेल्या आहेत. कासेच्या आजारासाठी खास ठरवलेल्या मर्यादा अगदी मोजक्या औषधांच्या, आणि त्याही गाईंवरच्या. तेव्हा ‘आर’ हा शब्द बराचसा विश्वासाचा, ते औषध बाजूला ठेवायचं. ‘एस’ हा फक्त प्रवेशाचा पास. आत गेल्यावर काय होईल, याची हमी त्यात नाही.

जेंटामायसिनचं उदाहरण घ्या. स्नायूत दिलेलं जेंटामायसिन रक्तातून कासेत फारच थोडं उतरतं, कारण त्याचा रेणू पाण्यात रमणारा आणि भारित. पेशींच्या पडद्यातून तो सहज जात नाही. आत गेलेलं थोडंफार औषध पू आणि कमी ऑक्सिजन असलेल्या जागी मंदावतं. आणि स्टॅफ ऑरियस बसतो कुठे? पांढऱ्या पेशींच्या आत, कासेच्या पेशींच्या आत, स्वतःभोवती विणलेल्या चिकट बायोफिल्मच्या जाळ्यात आणि जुन्या दुखण्यात तंतुमय गाठीच्या मधोमध. तीन दिवसांत मोकळ्या दुधातले जंतू मरतात, गाठी थांबतात, आपण खूश होतो. पंधराव्या दिवशी आतले बाहेर येतात. पुन्हा रिपोर्ट काढला तर जेंटामायसिन परत ‘एस’च येईल, लॅब खोटं बोलत नाही.

याच्या उलट काही औषधं कासेत छान शिरतात. निरोगी दुधाचा सामू ६.६ ते ६.८, रक्ताचा ७.४. चरबीत विरघळणारी आणि सौम्य अल्कली गुणधर्माची औषधं, जशी मॅक्रोलाइड्स, दुधाच्या बाजूला जाऊन अडकतात आणि तिथे साठतात. पण सूज आली की दुधाचा सामू ७ च्या वर चढतो आणि हा फायदा घटतो. टेट्रासायक्लिन दुधातल्या कॅल्शियमला बांधलं जातं, म्हणून ‘एस’ असतानाही त्याचा जोर कमी पडतो. स्ट्रेप्टोकोकसला तर जेंटामायसिन मुळातच कमी लागू, कारण ते त्याच्या पेशीत शिरतच नाही. ई. कोलाय आणि क्लेबसिएलावर साधं पेनिसिलिन चालत नाही, हा नवा प्रतिकार नाही, त्यांची जन्मजात घडणच तशी. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते, तिथे पेनिसिलिनचं सगळं कुळ निरुपयोगी. आणि प्रोटोथेका हे तर शैवाल. ते कुठल्याच अँटिबायोटिकला बधत नाही. जंतूचं नाव न कळता औषध बदलत राहणं म्हणजे कुलूप न पाहता किल्ल्या फिरवणं.

दुसऱ्या म्हशींचं औषध या एका रिपोर्टवर ठरवू नका, हेही त्यातूनच आलं. पाचही म्हशींच्या दुखऱ्या सडांचे वेगवेगळे नमुने हवेत. बादलीतलं एकत्र दूध नको. नमुना घेण्यात जितकी घाई, तितका रिपोर्ट खोटा. ज्या नमुन्यात तीन किंवा जास्त प्रकारचे जंतू वाढले तो नमुना दूषित समजतात, आणि तबेल्यातून येणाऱ्या नमुन्यांत हे सर्रास घडतं. शेणातला ई. कोलाय थाळीवर सगळ्यांच्या आधी फोफावतो आणि खरा गुन्हेगार त्याखाली दडतो.

नमुना असा घ्या. अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी. सड धुतला असेल तर पूर्ण कोरडा करा, ओला सड ही नमुन्याची सर्वांत मोठी खराबी. पहिल्या तीन-चार धारा वेगळ्या कपात काढून टाका, त्यातच गाठी दिसतात. मग ७०% स्पिरिटच्या बोळ्याने सडाचं टोक घासा, बोळा स्वच्छ निघेपर्यंत दुसरा, तिसरा घ्या. पुसताना आधी तुमच्यापासून लांबचे सड, मग जवळचे. नमुना घेताना उलटं, आधी जवळचे, मग लांबचे, म्हणजे हात पुसलेल्या सडावरून जात नाही. निर्जंतुक नळी उभी न धरता तिरकी धरा, झाकण खाली ठेवू नका, ५ ते १० मिली पुरे. नळीवर म्हशीचा नंबर, सड (पुढचा-मागचा, डावा-उजवा), तारीख. आणि बर्फ. तुमच्याकडे धार पहाटे तीनला होते, लॅब दहाला उघडते. हे सात तास नळी खिशात राहिली तर मुंबईच्या हवेत तिचं दही होईल. ४ अंशांच्या आसपास ठेवलेला नमुना २४ तासांत पोचला तर चालतो. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचं आहे. तिथल्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाला आधी फोन करून दिवस ठरवा, थर्मासमध्ये बर्फ घालून लोकलने प्रभादेवीला उतरा. गाडीने गेलात तर हायवेवर बर्फ वितळेल.

स्टॅफ ऑरियस रोज सारखा बाहेर पडत नाही. आज नमुना ‘वाढ नाही’ आला म्हणून म्हैस सुटली असं नाही. उपचार संपल्यावर साधारण दोन आणि चार आठवड्यांनी असे दोन नमुने स्वच्छ आले, तर मी बरी म्हणतो. दूध पांढरं दिसणं ही बरं होण्याची खूण नव्हे.

उपचाराबाबत माझा कल सांगतो, मात्रा तुमचे डॉक्टर ठरवतील. सेफॉक्सिटिनला ‘एस’ असेल, म्हैस तरुण, दुखणं ताजं, तर सडात सोडायची क्लॉक्सासिलिनवर्गीय ट्यूब आणि तीन दिवसांऐवजी लांबवलेला, पाच ते आठ दिवसांचा कोर्स. स्टॅफ ऑरियसमध्ये लांब कोर्सने बरं होण्याचं प्रमाण वाढतं, ही मोजून पाहिलेली गोष्ट आहे. पण कडू भाग असा की, पेनिसिलिनला प्रतिकार करणाऱ्या जातींचं बरं होण्याचं प्रमाण योग्य औषध देऊनही कमीच राहतं. म्हणून जुन्या, गाठ झालेल्या सडावर लांब कोर्स लावू नका. तो सड आटवा, किंवा त्या म्हशीला दुधाच्या रांगेतून काढा. हे ऐकायला कोणाला आवडत नाही, मलाही सांगायला आवडत नाही. पण दर पंधरा दिवसांनी तीन इंजेक्शनं देत राहणं हाच एका सडातून प्रतिकारक जंतू तयार करण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे. एनरोफ्लोक्सासिन आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन ज्या गटांत येतात ते जागतिक आरोग्य संघटनेने माणसांसाठी सर्वोच्च महत्त्वाचे म्हणून राखून ठेवायला सांगितलेले आहेत. म्हशीच्या रेंगाळलेल्या सडावर ते पहिल्या फटक्यात वापरायचे नाहीत. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक तर भारतात २०१९ पासून दूध-मांसासाठी पाळलेल्या जनावरांना बंदच आहे, कोणी जुनी पुडी देऊ केली तर घेऊ नका.

ट्यूब सोडताना दोन चुका नेहमीच्या. एक, कास पूर्ण पिळून रिकामी न करता औषध सोडणं. म्हशीत धारेआधी जेमतेम ५% दूध खालच्या पोकळीत असतं, बाकी वर पेशींच्या पिशव्यांत. पान्हा न सोडलेल्या कासेत सोडलेलं औषध खालीच राहतं आणि पुढच्या धारेला बाहेर येतं. दुसरी, नळीची पूर्ण लांबी आत खुपसणं. सडाच्या टोकाला केराटिनचा बूच असतो, जंतू अडवणारा. टोक फक्त तीन मिलिमीटर आत जाऊ द्या. प्रत्येक सडाला नवीन ट्यूब, आधी स्पिरिटने पुसून. माणसांच्या इंजेक्शनची बाटली सिरिंजने सडात सोडण्याचा प्रकार सर्रास होतो. त्यातून यीस्ट आणि स्यूडोमोनास आत जातात, आणि मग खरोखरच अँटिबायोटिक सहसा लागू पडत नाही.

आता डिप. इथे जरा थांबू, कारण गैरसमज इथेच जास्त आहेत.

जंतुनाशकाला ‘प्रतिकार’ हा शब्द अँटिबायोटिकसारखा वापरता येत नाही. अँटिबायोटिक एका ठरावीक जागी घाव घालतं, ती जागा बदलली की काम भागलं. आयोडीन जंतूच्या प्रथिनांवर, चरबीवर, एन्झाइम्सवर, सगळीकडे एकदम तुटून पडतं. त्याला चुकवायला जंतूला सगळंच बदलावं लागेल, म्हणून आयोडीनला खरा प्रतिकार क्वचित दिसतो. क्लोरहेक्सिडिन आणि बेंझाल्कोनियमसारखी क्वाटर्नरी अमोनियम संयुगं यांचं मात्र वेगळं आहे. स्टॅफकडे क्यूएसी-ए, क्यूएसी-बी अशा नावांचे जनुक सापडतात. त्यांच्यामुळे पेशीत शिरलेलं रसायन बाहेर फेकणारे पंप तयार होतात. पण आकडे बघा. अशा ‘प्रतिकारक’ म्हटल्या जाणाऱ्या स्टॅफची वाढ रोखायला क्लोरहेक्सिडिन मिलीलिटरला काही मायक्रोग्रॅम लागतं. ०.५% च्या डिपमध्ये ते मिलीलिटरला ५००० मायक्रोग्रॅम असतं. पूर्ण ताकदीच्या डिपपुढे तो पंप म्हणजे पुरात सूप घेऊन पाणी उपसणं.

म्हणजे धोका नाही? आहे, पण डिप पातळ केल्यावर. तुमच्या वर्णनात ‘बादलीत औषध टाकून ठेवतो’ असं आहे. समजा ५% पोव्हिडोन आयोडीन आहे. त्यात उपलब्ध आयोडीन ०.५%, म्हणजे ५००० पीपीएम (दहा लाखांत ५००० भाग). १ लिटर पाण्यात दोन झाकणं, धरा १० मिली, टाकलं की उरतात ५० पीपीएम. हव्या त्या ताकदीचा शंभरावा हिस्सा. रंग तेवढा सुंदर येतो. एक गंमतही आहे: पोव्हिडोन आयोडीन पातळ केल्यावर सुरुवातीला मोकळं आयोडीन उलट वाढतं, त्यामुळे ताज्या, स्वच्छ पाण्यात ते चांगलं काम करतं. पण मागे साठा नसतो. पहिल्या शेणाच्या कणाने, पहिल्या दुधाच्या थेंबाने ते संपतं. तपकिरी रंग फिकट पिवळा झाला की आयोडीन खर्च झालं. तिसऱ्या म्हशीनंतर तुम्ही सड रंगीत पाण्यात बुडवताय. लाल औषधाचं, म्हणजे पोटॅशियम परमॅंगनेटचंही तेच. जांभळा रंग तपकिरी झाला की ते फेकायचं.

बरोबर करायचं तर असं. धारेनंतरच्या डिपला उपलब्ध आयोडीन ०.५ ते १% हवं. ५% पोव्हिडोन आयोडीन असेल तर त्यात पाणी घालायचंच नाही. ९०० मिलीत १०० मिली ग्लिसरीन घाला, आयोडीन ०.४५%, म्हणजे जवळजवळ अर्धा टक्का राहतं आणि सड फाटत नाही. १०% चं असेल तर तेच प्रमाण, आयोडीन ०.९%. सोल्यूशन घ्या, सर्जिकल स्क्रब नको, त्यात साबण असतो. एका म्हशीला एका वेळेस साधारण १० मिली लागतं. २२ म्हशींना सव्वादोनशे, गळती धरून ३०० मिली कपात काढा. उरलेलं परत बाटलीत ओतायचं नाही. ही एक सवय मोडली तरी निम्मं काम झालं. कप मागे न परतणारा घ्या, म्हणजे दुसऱ्या म्हशीसाठी कपात ताजंच औषध चढतं. सड निदान तीन-चतुर्थांश बुडला पाहिजे. फवारणी केली तर सडाची पुढची बाजूच भिजते, मागची कोरडी. डिपनंतर लगेच वैरण टाका. सडाचं तोंड पूर्ण मिटायला अर्धा तास लागतो, तेवढा वेळ म्हैस उभी राहिली पाहिजे, शेणात बसता कामा नये.

धारेआधीची डिप वेगळी, ०.१ ते ०.५% आयोडीन, आणि ३० सेकंद सडावर राहू द्यायची. मग प्रत्येक म्हशीला वेगळा कागद किंवा वेगळं, धुऊन वाळवलेलं फडकं. तबेल्यात जे एकच ओलं फडकं पहिल्या म्हशीपासून बाविसाव्यापर्यंत फिरतं, ते तुमच्या पाच म्हशींमधला सगळ्यात कार्यक्षम दुवा आहे. डिपचा ब्रँड बदलण्याआधी ते फडकं जाळा.

क्लोरहेक्सिडिन किंवा क्वाटर्नरीकडे जायचंच असेल तर दोन गोष्टी लक्षात असू द्या. साबणाचा अंश राहिला की ही दोन्ही निकामी होतात, कारण साबण ऋणभारित आणि ही धनभारित, ती एकमेकांना धरून बसतात. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यातही त्यांची ताकद घटते. म्हणजे साबणाने सड धुवून लगेच क्लोरहेक्सिडिन लावणाऱ्याने दोन्हींचे पैसे गटारात घातले. दुसरं, सेराशिया आणि स्यूडोमोनास या जंतूंना पातळ क्लोरहेक्सिडिनमध्ये जगता येतं. दूषित डिपमधूनच सेराशियाचा कासदाह गोठाभर पसरल्याच्या नोंदी आहेत. उघडा डबा महिनाभर वापरणं त्यात बसतं. ‘डिप दर तीन महिन्यांनी बदला म्हणजे सवय होत नाही’ या सल्ल्याला मात्र मला काही आधार दिसत नाही.

मग जंतुनाशकाचा अँटिबायोटिकशी संबंध कुठे येतो? प्लास्मिडवर. क्यूएसी जनुक आणि ब्लाझेड स्टॅफमध्ये एकाच प्लास्मिडवर सापडतात, काही प्लास्मिडांवर त्यांच्या जोडीला जेंटामायसिनचा प्रतिकारही असतो. पातळ क्वाटर्नरीची बादली रोज दोनदा वापरली की तग धरणारे जंतू टिकतात आणि त्यांच्या पाठीवर बसून अँटिबायोटिकचा प्रतिकार फुकटात टिकतो, तुम्ही त्या काळात एकही इंजेक्शन दिलं नाहीत तरी.

भांड्यांसाठी सोडियम हायपोक्लोराइट स्वस्त आणि पुरेसं. आधी कोमट पाणी, कढत नको, कढत पाण्याने दुधातली प्रथिनं चरवीला चिकटून बसतात आणि त्याखाली बायोफिल्म. मग गरम पाणी आणि धुण्याची पावडर, मग खळखळून धुणं, आणि शेवटी ४% हायपोक्लोराइट १ लिटरला ५ मिली, म्हणजे २०० पीपीएम. उन्हात ठेवलेली बाटली दोन-तीन आठवड्यांत कमजोर होते, म्हणून ती सावलीत ठेवा.

धार काढणाऱ्याचे हात विसरू नका. अंगठा मुडपून धार काढली की सडाच्या आत जखमा होतात, स्टॅफला तेच हवं असतं. पूर्ण मुठीने काढायला लावा. ज्याच्या हातावर करट किंवा पिकलेली जखम आहे त्याने त्या आठवड्यात धार काढू नये. स्टॅफ ऑरियस माणसाकडून म्हशीला आणि म्हशीकडून माणसाला, दोन्ही वाटांनी जातो, एमआरएसएसुद्धा. आणि क्रम: निरोगी म्हशी आधी, या पाचजणी शेवटी, रांगेच्या टोकाला बांधून. जागा नाही म्हणाल, पण पाच दावी हलवायची आहेत, भिंत नाही.

मुंबईच्या तबेल्याची एक खास अडचण आहे. म्हैस आटली की ती गावी किंवा बाजारात जाते आणि तिच्या जागी ताजी व्यालेली मुऱ्हा, मेहसाणा किंवा जाफराबादी येते. भाकड काळात सोडायची लांब असराची ट्यूब, जी स्टॅफ ऑरियसवर दुभत्या काळातल्या उपचारापेक्षा जास्त गुण देते, ती द्यायची संधीच मिळत नाही. शिवाय प्रत्येक नवी म्हैस सोबत स्वतःचे जंतू आणते. म्हणून नवी म्हैस रांगेत बांधण्याआधी चारही सडांची पॅडल तपासणी करा: प्रत्येक वाटीत ३ मिली दूध, तेवढंच सीएमटी (कासदाह ओळखायचं) द्रावण, दहा सेकंद गोल फिरवा, वीस सेकंदांत वाचा. द्रावण नसेल तर धुण्याच्या पावडरचं ३% द्रावणही काम भागवतं. जेली झाली तर तो सड संशयित, नमुना लॅबला, आणि तोवर म्हैस टोकाला. चिकाच्या दिवसांत तपासू नका, तेव्हा निरोगी दूधही घट्ट होतं.

आता गिऱ्हाइकाचा प्रश्न. उकळल्यावर जंतू मरतात, प्रतिकारक असो वा नसो. स्टॅफचं विष मात्र उकळून जात नाही, ते दूध तासन्‌तास गरम राहिलं असेल तरच तयार झालेलं असतं, म्हणून धार काढल्याबरोबर थंड करणं महत्त्वाचं. आणि अँटिबायोटिकचा अंश उकळण्याने फारसा हलत नाही. ज्या घरी विरजण लागत नाही म्हणून तक्रार येते, तिथे विरजणातले जंतू त्या अंशाने मेलेले असू शकतात. औषधाच्या लेबलवर दूध वर्ज्य करण्याचा काळ दिलेला असतो. तो नसेल तर आपल्या देशाच्या २०१२ च्या नियमानुसार दुधासाठी किमान सात दिवस धरायचे, शेवटच्या मात्रेपासून. एका सडात ट्यूब सोडली तरी चारही सडांचं दूध वेगळं काढायचं, कारण औषध रक्तातून दुसऱ्या सडांत उतरतं. हे दूध पारड्याला पाजू नका. त्याच्या आतड्यात प्रतिकारक ई. कोलाय निवडून वाढवायचा तो सोपा उपाय ठरेल. शेणात मिसळून कंपोस्टला द्या, नाल्यात नको.

पुढचे नमुने दिल्यावर इथे एवढं लिहा: सेफॉक्सिटिनचे मिलिमीटर, कोणती म्हैस, कोणता सड, वेत, कासेत गाठ आहे का, आणि डिपच्या बाटलीवर ‘पोव्हिडोन आयोडीन’पुढे किती टक्के छापलंय. त्यावरून कोणता सड वाचवायचा आणि कोणता आटवायचा, ते ठरवू.